रक्तात काही नसतं

चीनमध्ये नोकरी करून आलेल्या आपल्या माणसांकडून तिथल्या लोकांबद्दल जे ऐकायला मिळतं, त्यात दोन विधानं हमखास असतात. पहिलं, ते लोक फार विचित्र आहेत. भर उन्हाळ्यात गरम पाणी पितात, कडाक्याच्या थंडीत बिनाहीटरच्या घरात बसतात, रांगेत घुसतात, दुपारी ऑफिसात झोपतात, पोटची मुलं गावाकडे आजीआजोबांजवळ ठेवून स्वतः शहरात राहतात. दुसरं, ते लोक फार शिस्तीचे आहेत. वरून हुकूम आला की सगळे एका दिशेनं चालू लागतात, म्हणून त्यांची शहरं झाली आणि आपली राहिली. एकच माणूस एकाच बैठकीत ही दोन्ही विधानं करतो आणि दोन्हींच्या शेवटी एकच वाक्य येतं, ‘ते त्यांच्या रक्तातच आहे.’ जरा वाचन असेल तर रक्ताच्या जागी ‘पाच हजार वर्षांची संस्कृती’ येते.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. मी काही वर्षं शांघायमध्ये यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत काम केलं, तिथं संसार केला, भाजी आणली, दवाखान्याच्या रांगा धरल्या. रोजच्या जगण्यातल्या ज्या गोष्टींनी मला सुरुवातीला चक्रावून टाकलं, त्यांचा माग काढत गेलं की शेवटी रक्त क्वचितच सापडायचं. सापडायचा तो एखादा कायदा, एखादी सरकारी मोहीम, एखादी टंचाई, नाहीतर कुणीतरी नकाशावर ओढलेली रेघ. आणि यातलं बरंचसं आज हयात असलेल्या म्हाताऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी घडताना पाहिलेलं.

गरम पाण्यापासूनच सुरू करते, कारण ते सगळ्यांत आधी भेटतं. खानावळीत बसलं की समोर गरम पाण्याचा पेला येतो, बाहेर पस्तीस अंश तापमान असलं तरी. ऑफिसात, विमानतळावर, दवाखान्यात, रेल्वेच्या प्रत्येक डब्यात गरम पाण्याचा नळ असतो आणि लोक आपापली थर्मासची बाटली घेऊन त्याच्यापुढे उभे असतात. ताप आला, पोट दुखलं, पाळी आली, मन ठिकाणावर नसलं, काहीही झालं तरी सल्ला एकच, गरम पाणी पी. आपला माणूस हे पाहतो आणि प्राचीन चिनी वैद्यकाकडे बोट दाखवून मोकळा होतो. त्या वैद्यकाला थंड पाणी वर्ज्य आहे, हे खरं. पण ग्रंथातला सल्ला आणि कोट्यवधी लोकांची सवय यांच्यामध्ये इंधनाचा प्रश्न असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या गरीब चिनी घराला दिवसभर पाणी उकळत ठेवणं परवडत नव्हतं. शांघायच्या गल्ल्यांमध्ये तेव्हा उकळतं पाणी विकणारी दुकानं होती. घरी चूल पेटवण्यापेक्षा तिथून किटली भरून आणणं स्वस्त पडायचं.

हे चित्र बदललं ते राज्यकर्त्यांनी मनावर घेतल्यामुळे. १९३४ साली च्यांग कै-शेक यांच्या सरकारनं ‘नवजीवन चळवळ’ सुरू केली, तिच्यात स्वच्छतेचे धडे होते. पुढे १९५२मध्ये, कोरियातलं युद्ध चालू असताना, अमेरिका रोगजंतू पसरवते आहे असा आरोप करत कम्युनिस्ट सरकारनं ‘देशभक्तीची आरोग्य मोहीम’ उभी केली. माश्या मारा, उंदीर मारा, पाणी उकळून प्या. कारखान्यांत, शाळांत, कचेऱ्यांत बॉयलर बसले. कामगाराला घरी जाताना थर्मास भरून नेता येऊ लागला. नळाचं पाणी आजही तिथं घरोघरी उकळूनच पितात. घाणेरड्या पाण्यानं माणसं मरत होती अशा काळात उकळलेलं पाणी फुकट किंवा नाममात्र पैशांत प्रत्येकाच्या हाताशी आणून ठेवलं, ही या सवयीची खरी गोष्ट आहे. तिला विचित्र म्हणणं हा त्या कामाचा अपमान आहे, आणि तिला प्राचीन म्हणून सोडून देणं म्हणजे ते काम माणसांनी केलं हेच पुसून टाकणं आहे.

थंडीचंही तसंच. जानेवारीत शांघायचं सरासरी तापमान पाच अंशांच्या आसपास असतं. हवा ओलसर, त्यामुळे गारठा हाडात शिरतो. तरी जुन्या इमारतींमध्ये आणि छोट्या दुकानांत लोक पिसं भरलेली जाकिटं अंगावर ठेवूनच बसलेले दिसतात, लहान मुलांना इतके कपडे घातलेले असतात की त्यांचे हात खाली येत नाहीत. ‘चिवट जात आहे’, असं माझा एक भारतीय सहकारी कौतुकानं म्हणायचा. चिवटपणाचा इथं काही संबंध नाही. १९५०च्या दशकात कोळसा कमी आणि गरज मोठी, तेव्हा सरकारनं छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांची एक रेघ धरली. रेघेच्या उत्तरेला शहरांना सार्वजनिक उष्णता मिळणार, दक्षिणेला मिळणार नाही. त्यामुळे बीजिंगमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत घराघरातले रेडिएटर तापतात, बाहेर उणे दहा असताना लोक घरात बनियनवर असतात, आणि शांघायचा माणूस रेघेच्या खाली राहतो म्हणून कुडकुडतो. तो हे मुकाट सोसतो असंही नाही. दर हिवाळ्यात दक्षिणेतले लोक या रेघेविरुद्ध तक्रार करतात, तिकडे इमारती बांधताना भिंतींतून उष्णता जाऊ नये याची काळजी घेत नाहीत म्हणून चिडतात, विजेची बिलं एकमेकांना दाखवतात. ज्याला आपण स्वभाव म्हणतो ते त्यांच्या लेखी एक चुकलेलं सरकारी धोरण आहे.

रांगेत घुसण्याविषयी आपल्या लोकांचा संताप मला कधीच समजलेला नाही. विरार लोकलमध्ये चढलेल्या माणसाला तरी ती गोष्ट समजावून सांगावी लागू नये. जिथं सगळ्यांना पुरेल इतकं नसतं तिथं माणसं कोपरं वापरतात. चीनमध्ये १९५५पासून १९९३पर्यंत धान्यासाठी कुपनं होती. तेल, कापड, मांस, काय काय कुपनावर. ज्या बाईनं आपली तरुणपणाची वर्षं ‘संपलं’ हा शब्द ऐकण्याच्या भीतीत काढली, ती आज सत्तरीची आहे आणि मेट्रोचं दार उघडलं की अजून पुढे झेपावते. तिची नात खाली रंगवलेल्या बाणांच्या मागे, फोन बघत, शांत उभी असते. २००८च्या ऑलिंपिकआधी बीजिंगमध्ये दर महिन्याची ११ तारीख ‘रांगेचा दिवस’ म्हणून पाळायला सुरुवात झाली, २००७च्या फेब्रुवारीपासून. मोहिमेनं थोडं झालं, पण खरा फरक पडला तो गाड्या दर दोन-तीन मिनिटांनी येऊ लागल्यावर आणि रेल्वेची तिकिटं फोनवर मिळू लागल्यावर. आजी आणि नात एकाच रक्ताच्या आहेत.

आणि पगार विचारण्याचं काय घेऊन बसलात? पगार किती, भाडं किती, लग्न का नाही केलं, मूल कधी, हे प्रश्न मला शांघायमध्ये पहिल्या आठवड्यात टॅक्सीवाल्यानं विचारले. हे सगळे प्रश्न मला त्याआधी कोल्हापुरात, सांगलीत, लग्नाच्या प्रत्येक मांडवात विचारून झालेले होते. त्याचा ‘सांस्कृतिक धक्का’ बसायला मराठी माणसानं आपलं घर विसरायला हवं.

कामाच्या ठिकाणी येऊ. दुपारी साडेअकरा-बाराला जेवण, मग दिवे बंद. टेबलाखालून घडीच्या खाटा निघतात, मानेच्या उशा निघतात, आणि तासभर सगळं ऑफिस झोपतं. आपल्याकडून आलेला साहेब पहिल्या दिवशी हे पाहून हादरतो, घरी फोन करून सांगतो. तोच साहेब महिन्याभरानं सांगू लागतो की चिनी माणूस जन्मजात कष्टाळू, रात्री नऊपर्यंत हलत नाही. दोन्ही गोष्टी त्यानं पाहिलेल्या असतात, पण जोडलेल्या नसतात. दुपारची झोप शेतीतून आली हे खरं असेल, पण कचेरीत ती टिकली ती कामगाराच्या विश्रांतीचा हक्क १९५४च्या राज्यघटनेनं मान्य केल्यामुळे आणि सरकारी कारखान्यांनी दुपारची लांब सुट्टी तशीच ठेवल्यामुळे. आजच्या खासगी कंपनीत ती टिकून आहे याचं कारण फार वेगळं आणि कठोर आहे. रात्री नऊपर्यंत माणूस बसवायचा असेल तर त्याला दुपारी झोपू द्यावंच लागतं.

सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. या पद्धतीला तिथं ‘नऊ-नऊ-सहा’ म्हणतात आणि ती सोसणाऱ्यांना ती अजिबात आवडत नाही. २०१९च्या मार्चमध्ये संगणक क्षेत्रातल्या तरुणांनी गिटहब या संकेतस्थळावर अशा कंपन्यांच्या याद्या टाकायला सुरुवात केली. अशा जगण्याचा शेवट अतिदक्षता विभागात होतो, हे त्यांनी मोहिमेच्या नावातच लिहिलं. महिन्याभरात अलीबाबाचे जॅक मा म्हणाले, असं काम करायला मिळणं हे भाग्य आहे. त्यांच्यावर देशभरातून टीका झाली. चीनचा १९९४चा कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि महिन्याला जास्तीत जास्त ३६ तास जादा काम, एवढीच मुभा देतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत बेकायदा असल्याचं स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी तरुणांमध्ये ‘आडवं पडून राहा’ अशी हाक निघाली, म्हणजे ही शर्यतच नको, कमी कमवू, कमी मागू. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी रात्री साडेआठला साहेबाच्या वीचॅट संदेशाला उत्तर देत बसायची ती आनंदानं नाही. घराचा हप्ता होता, आणि तिच्या जागी बसायला तयार असलेले शंभर जण होते, हे तिला रोज जाणवून दिलं जायचं. तिला कष्टाळू जातीची म्हणून जो गौरवतो, तो तिच्या मालकाच्या बाजूनं बोलतो.

व्यापारातल्या ‘संबंधां’वर तर आपल्याकडे व्याख्यानं होतात. चिनी माणूस करार मानत नाही, जेवण आणि दारू मानतो, हे सांगितलं जातं. च-च्यांग प्रांतातल्या कारखानदारांबरोबर मी अशी जेवणं जेवले आहे. दाराकडे तोंड करून मुख्य माणूस बसतो, पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड मोठ्याच्या पेल्याखाली ठेवायची, वगैरे सगळं होतं. पण त्याच जेवणानंतर दुसऱ्या दिवशी तो कारखानदार तीस टक्के आगाऊ घेतल्याशिवाय एक बोल्ट कापत नाही, आणि त्याचा करार आपल्यापेक्षा बारीक असतो. छोट्या ऑर्डरसाठी कोर्टात जाणं परवडत नाही, म्हणून समोरचा माणूस पळणार नाही ना, हे जेवणाच्या टेबलावर चाचपून बघतात. इचलकरंजीच्या सूत बाजारात उधारी कुणाला द्यायची हे कसं ठरतं, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला यासाठी कन्फ्युशसची गरज पडत नाही.

आता ज्या आरोपानं मला सर्वांत जास्त राग येतो त्याकडे वळते. ‘भावनाशून्य आहेत. मूल सहा महिन्यांचं झालं की गावी सोडून येतात, वर्षातून एकदा भेटतात, डोळ्यांत पाणी नाही.’

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी आनह्वे प्रांतातल्या. नवरा शांघायमध्येच इमारतींच्या कामावर. मुलगी गावी, आजीजवळ. मावशी दुपारी भांडी पुसता पुसता फोन ओट्यावर उभा करायच्या आणि मुलगी पलीकडून गणितं सोडवायची. बोलणं फार नसायचं. मुलीनं मान वर केली की मावशी हात थांबवायच्या. ज्याला इथं भावनेचा अभाव दिसतो, त्याच्याशी मी काय बोलू?

मुलगी शांघायमध्ये का नाही, याचं उत्तर १९५८च्या जानेवारीत झालेल्या एका कायद्यात आहे. हुकोउ, म्हणजे कुटुंबाची नोंदणी. प्रत्येक माणूस एका ठिकाणचा म्हणून नोंदलेला असतो, आणि शिधा, घर, शाळा, दवाखाना हे सगळं त्या नोंदीला बांधलेलं होतं. शेतकऱ्यानं शेतीवर राहावं आणि शहरांना व कारखान्यांना स्वस्त धान्य मिळावं, यासाठी ही भिंत घातली गेली. १९८०नंतर शहरांना कामगार हवे झाले तेव्हा माणसाला यायची मोकळीक मिळाली, नोंद मात्र गावातच राहिली. आज चीनमध्ये गावातून येऊन असं काम करणारे सुमारे तीस कोटी लोक आहेत. शांघायच्या जवळपास अडीच कोटी वस्तीत सुमारे एक कोटी लोकांची नोंद दुसरीकडची आहे. त्यांची मुलं शांघायच्या सरकारी शाळेत शिकायची तर आईबापांच्या नोकरीची, विम्याची, राहत्या जागेची कागदपत्रं लागतात, जी बांधकामावरच्या गवंड्याकडे आणि घरकाम करणाऱ्या बाईकडे सहसा नसतात. नववीपर्यंत कसंबसं जमलं तरी पुढची वरिष्ठ शाळा आणि कॉलेजप्रवेशाची परीक्षा, गाओखाओ, यांसाठी बहुतेकांना नोंदीच्या गावीच परतावं लागतं. तिथली पुस्तकं वेगळी, पेपर वेगळा. म्हणून शहाणे आईबाप मुलाला आधीच गावी ठेवतात. गावी मागे राहिलेल्या अशा मुलांची संख्या कोटींत मोजावी लागते. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुमारास चाळीस दिवस सगळा देश रेल्वेत असतो तो या मुलांकडे जाण्यासाठी. त्या गर्दीचे फोटो काढून आपण ‘काय ही लोकसंख्या’ म्हणतो.

मराठी माणसाला हे कळायला हवं. कोकणातला चाकरमानी गिरगावात आणि लालबागेत खोलीत वीस जण असा राहिला, खानावळीत जेवला, बायकापोरं रत्नागिरी-सिंधुदुर्गात ठेवली आणि मनीऑर्डर केली. गणपतीला आणि शिमग्याला गाडी पकडून घरी गेला. त्याला कुणी भावनाशून्य म्हटलं नाही, म्हणूही नये. गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड होत नव्हतं. फरक एवढाच की कोकणातल्या मुलाला मुंबईच्या म्युनिसिपल शाळेत घालायला कुठला कायदा आड येत नव्हता. शांघायच्या मावशींना तो आड येतो. आम्हा परदेशी नोकरदारांना तिथं पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलीस ठाण्यात पत्ता नोंदवावा लागतो आणि तेवढ्यानं आपली माणसं वैतागतात. आपल्याच देशात जन्मभर परगावचं राहायचं म्हणजे काय, याचा विचार त्या रांगेत उभं असताना करता येतो.

लग्नाच्या बाजाराविषयी थोडक्यात. शनिवार-रविवारी शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये छत्र्या उघडून ठेवलेल्या असतात, त्यांवर मुलामुलींची माहिती चिकटवलेली, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर, हुकोउ कुठली. मागे आईबाप बसलेले. हे २००४-०५च्या सुमारास सुरू झालं. म्हणजे ही प्राचीन प्रथा वीस-बावीस वर्षांची आहे. १९८०पासून २०१५च्या अखेरीपर्यंत एका मुलाचं धोरण होतं, त्यामुळे या आईबापांना एकच अपत्य, तेही रात्री नऊपर्यंत ऑफिसात. बायकांचं निवृत्तीचं वय कामगार असेल तर पन्नास होतं, ते आत्ता २०२५पासून हळूहळू वाढू लागलं आहे. पन्नाशीत रिकाम्या झालेल्या, धडधाकट बायकांना हातात वेळ आणि डोक्यात एकच काळजी. त्याच बायका संध्याकाळी चौकात स्पीकर लावून नाचतात. त्यांना हसणाऱ्यांनी आपल्याकडे पन्नाशीच्या बाईला संध्याकाळी घराबाहेर दीड तास मोकळं नाचायला कुठं मिळतं, ते सांगावं.

इथं कुणी म्हणेल की मग संस्कृती म्हणून काही नाहीच का? आहे, आणि ती मला तिथं फार भावली. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायचा दिवस, तेव्हा माझे अगदी निरीश्वरवादी सहकारीही आईवडिलांना घेऊन गावी जायचे. हबेई प्रांतात श-च्या-च्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कबर आहे. १९३८मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक, १९४२मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. तिथं त्यांची आठवण अजून काढली जाते. ही आठवण ठेवण्याची रीत मी संस्कृतीच म्हणेन. पण तीसुद्धा आपोआप वाहत आलेली नाही. छिंगमिंग ही सार्वजनिक सुट्टी झाली २००८ साली. त्याआधीच्या दशकांत, विशेषतः सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, अशा जुन्या विधींवर घाव पडले होते. लोकांनी ती रीत जपली, मागितली आणि परत मिळवली.

आणि कुठली एक संस्कृती? आमच्या इमारतीतल्या आजी शांघायच्या बोलीत बोलायच्या, नातू प्रमाण चिनीत उत्तर द्यायचा, कारण शाळेत, टीव्हीवर, खेळाच्या मैदानावर तीच भाषा. आजींना त्याचं दुःख होतं आणि त्या ते बोलून दाखवायच्या. शांघायचे लोक बाहेरून आलेल्यांविषयी, बाहेरून आलेले शांघायकरांच्या ताठ्याविषयी, उत्तरेकडचे दक्षिणेच्या हिशोबीपणाविषयी आणि दक्षिणेकडचे उत्तरेच्या मोठ्या आवाजाविषयी जे बोलतात, ते ऐकल्यावर ‘चिनी माणूस असा असतो’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

आता दुसरं विधान, शिस्तीचं. हे पहिल्यापेक्षा जास्त घातक आहे, कारण ते कौतुकाच्या रूपात येतं आणि त्याचा उपयोग आपल्याकडच्या कामचुकारपणाला पांघरूण म्हणून होतो. ‘त्यांच्या रक्तात शिस्त आहे, आपल्याकडे होणार नाही’, असं म्हटलं की इथल्या महापालिकेची, नगरसेवकाची, आपली स्वतःची सुटका होते.

१ जुलै २०१९ रोजी शांघायमध्ये कचरा चार प्रकारांत वेगळा करणं सक्तीचं झालं. ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. काही महिन्यांत ते शहरभर रुळलं. भारतातून आलेले पाहुणे हे बघून अवाक् व्हायचे. त्यांना मी सांगायचे की शांघायचं नाव कचरा वेगळा करण्याच्या प्रयोगासाठी निवडलेल्या आठ शहरांच्या यादीत २०००मध्येच होतं. तेव्हापासून पुढची एकोणीस वर्षं वेगवेगळ्या रंगांचे डबे उभे होते आणि त्यांत लोक सगळा कचरा एकत्र टाकत होते. गाडी तो एकत्रच नेते, हेही लोकांना दिसत होतं. म्हणजे त्याच शहरात, त्याच माणसांत, तेच रक्त असताना एकोणीस वर्षं काही झालं नाही. २०१९ला वेगळं काय झालं? कायद्यात नागरिकाला ५० ते २०० युआन दंड आला. प्रत्येक वसाहतीतले जिन्याजिन्याखालचे डबे काढून एकाच जागी आणले आणि कचरा टाकायच्या सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळा बांधल्या. डब्यांपाशी माणसं उभी राहिली, निवृत्त बायका-पुरुष, पिशवी उघडून बघणारे. ओला कचरा नेणाऱ्या गाड्या वेगळ्या आल्या. लोकांनी भरपूर कुरकुर केली. रात्री दहाला घरी येणाऱ्या नोकरदारांनी विचारलं, आम्ही कचरा कधी टाकायचा? काही वसाहतींत वेळा वाढवाव्या लागल्या. यात रक्ताचा भाग शून्य आहे. यंत्रणा, पैसा, माणसं आणि तक्रार ऐकून केलेले बदल, एवढंच आहे.

पण कौतुक करणाऱ्यानं याची दुसरी बाजूही डोळे उघडे ठेवून बघावी. जी रहिवासी समिती २०१९ला डब्यापाशी माणसं उभी करू शकली, तीच २०२२च्या वसंतात, करोनाच्या लाटेत, फाटकाला कुलूप लावू शकली. मार्चच्या अखेरीपासून १ जूनपर्यंत अडीच कोटींचं शहर घरात कोंडलं गेलं. तेव्हा शिस्तीचे पुतळे म्हणून ओळखली जाणारी हीच माणसं रात्री गॅलऱ्यांमध्ये येऊन भांडी वाजवत होती, ओरडत होती, समितीच्या लोकांना फोनवर जाब विचारून ते संभाषण पसरवत होती. एकमेकांना कधी न पाहिलेल्या शेजाऱ्यांनी गट करून भाजी आणि अंडी मागवली, वरच्या मजल्यावरच्या एकट्या म्हाताऱ्याचं औषध कुणी आणायचं ते ठरवलं. यातलं काही हुकमावरून घडलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात, अजून टाळेबंदीत असलेल्या उरुमछी शहरात आग लागून माणसं दगावल्यावर शांघायच्या, त्याच शहराच्या नावाच्या उलुमुछी रस्त्यावर तरुण मुलंमुली हातात कोरे कागद धरून पोलिसांपुढे उभी राहिली. काय होऊ शकतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांच्या देशबांधवांना कुणी आज्ञाधारक जात म्हटलं की मला ती मुलं आठवतात, आणि गप्प बसवत नाही.

मला कुणी विचारतं, मग तुला तिथं नवल कशाचंच वाटलं नाही का? वाटलं. रोज वाटायचं. फक्त नवल वाटलं की ‘हे लोक असे का’ असं विचारण्याऐवजी ‘हे कधीपासून, आणि कुणाच्या सोयीनं’ असं विचारायला मी शिकले, आणि ज्यांना विचारलं ते सहकारी, मावशी, आजी, टॅक्सीवाले भरभरून बोलले. त्यांना आपल्या सवयींचा इतिहास ठाऊक असतो. त्या सवयींपायी त्यांनी काय गमावलं तेही ठाऊक असतं.

पुण्यात आल्यापासून माझी आमच्या सोसायटीत याच विषयावर खडाजंगी चालू आहे. ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका २००८पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेतात. त्यांना आमच्या इमारतीत सगळा कचरा एकत्रच मिळतो, त्यात फुटलेल्या काचा आणि वापरलेले सॅनिटरी पॅडही असतात, आणि त्या ते हातानं वेगळं करतात. मागच्या सभेत मी विषय काढला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ‘हे चीन नाही, आपले लोक ऐकणार नाहीत.’ मी त्यांना शांघायची ती एकोणीस वर्षं सांगितली आणि चार गोष्टी लिहून मागितल्या. सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून देणं सोसायटीच्या नियमांत यावं. एकत्र कचरा देणाऱ्या घराकडून दंड घ्यावा आणि तो त्या बायकांनाच मिळावा. कचरा निवडायला त्यांना तळमजल्यावर छप्पर आणि पाण्याचा नळ मिळावा. हातमोजे सोसायटीनं आणून द्यावेत. हातमोजे मंजूर झाले आहेत. बाकी तीन विषय पुढच्या सभेच्या यादीत आहेत.